मागणी क्रमांक सात

भिलाई, ९ नोव्हेंबर १९८७

सौ. रत्नमालेस,

तू तुमसरला सुखरूप पोचल्याचं तुझ्या भावाचं कार्ड मिळालं. मारोतरावांनी त्यात धानाची कापणी, बैलाचा पाय आणि गावची हवा एवढं सगळं लिहिलं आहे. तुझ्या हातची एक ओळ नाही.

नऊ दिवस मी स्वतःशी वाद घालतो आहे आणि दर वेळी मीच जिंकतो, म्हणून आता तुला लिहितो. माझा गुन्हा काय? वीस वर्षं प्लँटच्या गेटवर उभा राहून मी सांगत आलो, की रिटायर झालेल्यानं क्वार्टर एक दिवसही अडवू नये. लग्न झालेली पोरं बापाच्या व्हरांड्यात पडदा लावून झोपतात आणि म्हातारे मुदतीमागून मुदती मागतात. मग माझी पाळी आल्यावर मी काय करायला हवं होतं? अर्ज घेऊन रांगेत लागायला हवं होतं? निरोपाच्या समारंभात सेक्टर सहाची किल्ली मी सर्वांसमोर टेबलावर ठेवली. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत एक जोडी हातांची कमी होती, ते मला तिथे दिसलं नाही, हे कबूल करतो.

तू जयाच्या बाळासाठी लोकर आणायला सिविक सेंटरला गेली होतीस. परत आलीस तेव्हा आपला पलंग सडकेवर उभा होता. तू एवढंच म्हणालीस, "लोकायच्या घरापायी जनमभर भांडले, अन् आपलं घर मले न इचारता देऊन टाकलं." मग दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि सुटा केलेला सागवानी पाळणा घेऊन तू संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघून गेलीस. विचारायला हवं होतं म्हणतेस. तत्त्व काय बायकोला विचारून पाळायचं असतं?

सध्या मी युनियन ऑफिसच्या बाकावर झोपतो. उशाला जुन्या पत्रकांचे गठ्ठे आहेत. घर शोधायला रोज रिसालीत फिरतो. नवी घरं खूप झाली आहेत, आणि 'भाड्याने देणे' अशी पाटी दर दुसऱ्या फाटकावर आहे. मी तोंड उघडतो आणि फाटक मिटतं. लोक मला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, आवाजानं ओळखतात. काल एक जण म्हणाला, "आप तो माइकवाले लांजेवारजी हैं ना? हमको शांत किरायेदार चाहिए."

रिसालीचं नाव काढलं म्हणून प्लॉटचं पुन्हा काढू नकोस. बारा वर्षांपूर्वी सोसायटीनं आपला नंबर रद्द केला, त्याला मी काय करणार?

आता मुद्द्याचं. जयाचे दिवस फेब्रुवारी अखेर भरतात. संक्रांत झाली की तिला आणायचं, हे तिच्या सासूशी तूच बोलली आहेस. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर म्हणजे बापाचं घर, मामाचं नाही. मी घर शोधतो. तू ये.

शालिकराम


दुर्ग, १८ नोव्हेंबर १९८७

रत्नमाला,

घर मिळालं!

भिलाईत नाही, दुर्गला. गंजपाऱ्यात एक दुमजली जुनं घर आहे, भोसल्यांच्या अमदानीतलं म्हणतात. मालक भैय्याजी, आपल्यासारखेच मराठी, पण सात पिढ्यांपासून इथले. ते खाली पुढच्या भागात राहतात, मागच्या दोन खोल्यांत मैनाबाई नावाची पापड-बिजोरे करणारी विधवा बाई, आणि वरचा सगळा मजला आता आपला. तीन खोल्या, सागाचे खांब, हात रुंद भिंती, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर. खिडकीत बसलं की धान्यबाजारातले धानाचे गाडे दिसतात. तुला आवडेल.

आता अटी ऐक. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, चुना पडतो. जे टांगायचं ते लाकडी खुंट्यांवर. मी म्हटलं, "खुंट्या फार वर आहेत." भैय्याजी म्हणाले, "त्या पगडीसाठी आहेत, लांजेवारजी. दोनशे वर्षांत कोणाला कमी नाही पडल्या." मोठ्यानं बोलायचं नाही, लाकडी जमिनीतून सगळं खाली ऐकू जातं. आणि विजेची शेगडी लावायची नाही.

ही शेवटची अट मी हसण्यावारी नेली. तीस वर्षं आपण टाउनशिपमध्ये हीटरवर भात शिजवला, अंघोळीचं पाणी तापवलं, थंडीत खाटेखाली हीटर ठेवून झोपलो. वीज म्हणजे पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हीटर लावला आणि अख्खं घर बंद पडलं. भैय्याजींचा रेडिओ, खालचे दिवे, शेजारच्या पिठाच्या चक्कीची लाइनसुद्धा. मैनाबाई जिन्याखालून ओरडली, "कोण रे बाप्पा, कारखाना चालू केला काय वरतं?"

फ्यूज बांधायला मेंटेनन्सचा माणूस बोलवा म्हटलं, तर भैय्याजी माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्ची घेतली आणि त्या अडुसष्ट वर्षांच्या माणसानं स्वतः वर चढून तार बांधली. मी खाली उभा राहून खुर्ची धरली. मी फिटर होतो रत्नमाला, रोलिंग मिलमध्ये हत्तीएवढे बेअरिंग बसवले आहेत. पण घरातलं काम आपलं आपण करायचं असतं, हे मला आजवर कोणी सांगितलंच नाही.

एक गोष्ट अजून आवडली नाही. मधल्या खोलीत तुळईतून एक लोखंडी गज खाली लोंबतो, त्याच्या टोकाला वाटीएवढं, जाड कडं. माझ्या उंचीला बरोबर कपाळावर लागतं. दोन दिवसांत दोनदा लागलं.

पत्राचं उत्तर दे. पत्ता पाकिटावर लिहिला आहे.

शालिकराम


दुर्ग, ३० नोव्हेंबर १९८७

रत्नमाला,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहतो. मला श्रोत्यांनी उठून जाण्याची सवय आहे.

हा भैय्याजी नावाचा माणूस समजायला कठीण आहे. गोड बोलतो आणि काहीच करत नाही. न्हाणीघराचा नळ ठिबकतो. मी सांगितलं. म्हणाले, "हो, जुना झालाय." तिसऱ्या कवेलूतून दव गळतं. म्हणाले, "हो, माकडं उतरतात." जिन्याची पाचवी पायरी हलते. म्हणाले, "हो, पाचवीवर जरा जपून." टाउनशिपमध्ये आपण मेंटेनन्स ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये तक्रार लिहायचो, नंबर मिळायचा, आठ दिवसांत माणूस पाना घेऊन दारात. इथे रजिस्टर नाही, नंबर नाही, 'हो' मात्र भरपूर आहे. मॅनेजमेंट निदान नाही तरी म्हणते. नाही म्हणणाऱ्याशी लढता येतं. हो म्हणणाऱ्याशी कसं लढायचं?

म्हणून मी मागणीपत्र तयार केलं. बारा मागण्या, कारणांसह, तीन प्रतींत. हसू नकोस. भाडेकरू हा घराचा उपरा नसतो, घर तो जिवंत ठेवतो, अशी प्रस्तावना लिहिली आहे. चांगली उतरली आहे. नळ, कवेलू, पायरी, विजेची लाइन, खिळ्यांची बंदी, आवाजाची बंदी, सगळं आलं. सातव्या मागणीत तो गज आहे. अकरा वर्षं मी प्लँटच्या सेफ्टी कमिटीवर होतो, डोक्याच्या उंचीला विनावापर लोंबणारं लोखंड मी एका दिवसाच्या वर कुठे राहू दिलं नाही. 'मधल्या खोलीतील निरुपयोगी व धोकादायक लोखंडी कडे तत्काळ कापून काढावे.'

देण्याआधी भाडेकरूंची सभा घेतली, जिन्यात. भाडेकरू दोनच, मी आणि मैनाबाई. ती उडदाची डाळ निवडायला घेऊन आली आणि चौथ्या पायरीवर बसली. मी पंधरा मिनिटं बोललो. तिनं सूप झटकलं आणि विचारलं, "झालं काय नेताजी?"

"तुमचं मत सांगा."

"मी एकवीस साल झाले इथं. तुमाले अजून पंधरा दिवस नाई झाले. मागण्या असत्या तं मी मागितल्या नसत्या काय?"

"मग तुमचा नळ ठिबकत नाही?"

"ठिबकते. त्याच्याखाली हंडा ठेवते. सकाळपावेतो भरते."

अशा लोकांच्या जोरावर क्रांती होत नाही. मी एकट्याच्या सहीनं मागणीपत्र दिलं. भैय्याजींनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

शालिकराम


दुर्ग, ८ डिसेंबर १९८७

रत्नमाला,

विजय! छोटा, पण विजय.

मागणी क्रमांक सात मंजूर झाली. परवा सकाळी भैय्याजी एका लोहाराला घेऊन वर आले. मला म्हणाले, "बाकीच्या मागण्यांचं बघू. पण तुमच्या डोक्याला लागतं हे मात्र खरं. माझ्या घरात माणसाचं डोकं फुटू नये." लोहारानं हॅक्सॉ चालवला. जुनं लोखंड होतं, तासभर लागला. तेवढा वेळ भैय्याजी खाली हात जोडल्यासारखे उभे होते, कडं जमिनीवर पडू नये म्हणून असेल. पडलं ते त्यांनी दोन्ही हातांत झेललं आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून खाली नेलं. जुनी माणसं भंगारसुद्धा सोडत नाहीत.

काम मात्र अर्धवटच. गज तुळईला लागून साफ कापायला नको का? दोन बोटं खुंट तसाच सोडला आहे. मी लोहाराला म्हटलं, तर त्यानं भैय्याजींकडे पाहिलं, आणि भैय्याजी म्हणाले, "राहू द्या तेवढं." या देशात कोणतंच काम शेवटापर्यंत का होत नाही? याबद्दल मी स्मरणपत्र देणार आहे.

मैनाबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी वर एक वाटी ताक यायचं, तेही बंद. लढ्यात भाग घ्यायचा नाही आणि दुसऱ्यानं जिंकलं तर पोटात दुखतं, हे मी गेटवरही पाहिलं आहे.

आता खोली मोकळी दिसते. जयाची खाट तिथेच मधोमध लावता येईल, वारा चांगला येतो. घर तयार आहे. आता तरी लिही.

शालिकराम


दुर्ग, १७ डिसेंबर १९८७

रत्नमाला,

तुझं कार्ड मिळालं. पाच आठवड्यांनी तीन ओळी. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

'घर जुनं असन तं चांगलंच. तुमी लिहिलेलं मधल्या खोलीतल्या मयालीचं कडं पाळण्याचंच हाय काय ते पाहून कळवा. असन तं जयाले घेऊन येऊ, नसन तं इथंच करू.'

पाहतो आणि कळवतो. इकडे थंडी फार आहे.

शालिकराम


दुर्ग, २७ डिसेंबर १९८७

रत्नमाला,

मागचं पत्र माझ्या आयुष्यातलं सर्वांत भित्रं पत्र होतं. दहा दिवस झाले, पोटात ठेवून फिरतो आहे. आता लिहितो.

कडं होतं. तू ज्याला मयाल म्हणतेस त्या तुळईतलं ते पाळण्याचंच होतं. मी ते कापायला लावलं. ८ तारखेचं माझं पत्र तुला मिळालं असेलच, त्यात मी विजय म्हणून जे लिहिलं तेच ते. बहुधा ते आणि तुझं कार्ड वाटेत एकमेकांच्या बाजूनं गेलं. आता तू दोन्ही जुळवली असशील आणि मारोतरावांच्या ओसरीत सगळे हसले असतील. हसू दे.

मला कुणी सांगितलं होतं का, की ते पाळण्याचं आहे? जया लहान असताना आपला पाळणा क्वार्टरमध्ये पंख्याच्या हुकाला होता. हूक कंपनीचा, छत कंपनीचं. मी कामावरून यायचो तेव्हा पाळणा हलत असायचा. तो कशाला टांगला आहे हे पाहायला मी कधी वर बघितलंच नाही. चोवीस वर्षं बाप आहे मी आणि मला हे माहीत नाही! राग येतो, आणि या खेपेला तो काढायला समोर मॅनेजमेंटसुद्धा नाही.

मी तुझं कार्ड घेऊन आधी मैनाबाईकडे गेलो. तिनं पापड लाटता लाटता ऐकून घेतलं.

"माही दोन पोरं त्याच कड्याले झुलली," ती म्हणाली. "भैय्याजी सोता झुलले, त्यायचे बाबा झुलले. या घरी जो कोणी राहाले आला, त्याच्या लेकरासाठी वरची खोली रिकामी करून देत होते. अन् तुमी कागद लिहून कापाले लावलं."

"तुम्ही सभेत बोलला का नाहीत?"

"कड्याचं इचारलं काय तुमी?"

मग भैय्याजींकडे गेलो. पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, पाळणा टांगायचा आहे, तुळईत नवा गज बसवायला परवानगी द्या. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"लांजेवारजी, हे आधी का नाही सांगितलंत? तुम्ही बारा मागण्या लिहिल्या. मी दोनदा वाचल्या. त्यात ही नव्हती."

रत्नमाला, मी त्या मनात पुन्हा मोजल्या. बारा मागण्यांत नळ होता, माकडं होती, भाषणस्वातंत्र्य होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी हे घर घेतलं, ती नव्हती.

"मला वाटलं," ते म्हणाले, "वर लेकरू येणार असतं तर कोणी असं लिहिलं नसतं. आणि तुमचं कपाळ सुजलेलं मी पाहिलं होतं. पण आता तुळईला दुसरं भोक मी पाडू देणार नाही. लाकूड म्हातारं आहे, चिरेल. छप्पर सगळं खाली येईल, जयाबाई आणि तिचं लेकरू खालीच असतील."

ते खरं आहे. मी सेफ्टी कमिटीवर होतो, मला ते कळतं. मी परत वर आलो आणि त्या दोन बोटं खुंटाकडे बघत बसलो.

जया इथे येऊ शकत नाही, असंच समज. दोष माझा.

शालिकराम


दुर्ग, ६ जानेवारी १९८८

रत्नमाला,

तुझं दुसरं कार्ड. एक ओळ. 'कापन्याच्या आदी इचारत जा.' ते मी खुंटीवर अडकवलं आहे. पगडीच्या उंचीवर.

हे पत्र लांब आहे. कामातून उसंत मिळेल तेव्हा वाच.

मी हार मानणारा नाही हे तुला ठाऊक आहे, तुझी तीच तक्रार आहे. मला धोंडबा आठवला. माझ्या हाताखाली फिटर होता, मग प्लँट सोडून हथखोजला त्यानं छोटं वर्कशॉप टाकलं. जुन्या लोखंडात त्याचा हात चांगला. रविवारी वर्कशॉप बंद म्हणून त्याच्या रिसालीच्या घरी गेलो.

त्या घराकडे मी बारा वर्षांत गेलो नव्हतो. का, ते आता सांगतो. तुला मी जे सांगितलं ते खोटं होतं. सोसायटीनं आपला नंबर रद्द केला नाही. सतरा नंबर आपलाच होता. प्लॉट चाळीस होते, नावं एकेचाळीस, आणि उरलेलं नाव धोंडबाचं होतं. चार लेकरं, आंधळी आई. सभा चालू होती, माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "या सतरा नंबरवर माझ्यापेक्षा धोंडबाचा हक्क मोठा आहे." लोकांनी मला खांद्यावर घेतलं. आदल्याच आठवड्यात तू तिथे शेवग्याची फांदी रोवून, काट्यांचं कुंपण करून आली होतीस. खांद्यावरून उतरल्यावर मला ते आठवलं. घरी येताना सायकलवर मी सोसायटीची गोष्ट रचली. हजार माणसांपुढे बोलणाऱ्या माणसाला तुझ्यापुढे दोन खरी वाक्यं बोलता आली नाहीत.

तर मी फाटकाशी गेलो आणि सायकल धरून उभा राहिलो. कोपऱ्यात शेवगा होता, घराहून उंच, पांढऱ्या फुलांनी भरलेला. धोंडबाची बायको भागीरथा अंगण झाडत होती. मला पाहून पदर सारखा केला.

"या भाऊजी, वाट चुकले काय? वैनी नाई आल्या संगं?"

"ती कशाला येईल?"

"कशाले म्हंजे? दर साली येते. होळीच्या आसपास शेंगा पिकल्या का येते, पिशवी भरून नेते. झाडाले पानी घालून जाते. घर बांधताना आमी झाड तोडाले निंगालो होतो, तं आमचे हे म्हनले, नाई, वैनीचं हाय, भिंत सरकवा."

मी विचारलं, पहिल्यांदा कधी आली होती? "पयल्याच साली. म्हने, मले सगळं मालूम हाय, तुमी मनाले लावून घेऊ नका. भाऊजीले सांगू नका, त्यायले वाईट वाटंल."

बारा वर्षं! दर उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगांची भाजी मी खाल्ली, आमटीत खाल्ली, आणि ताटावर बसून बाजारभावावर बोललो. तू वाढत राहिलीस. एकदा मी म्हटलंसुद्धा, या शेंगा फार कोवळ्या आहेत, कुठून आणतेस? तू म्हणालीस, ओळखीच्या बाईकडून.

तू भांडली असतीस तर मला बरं झालं असतं. मला भांडणाऱ्यांना उत्तर देता येतं. हे तू काय केलंस रत्नमाला? मला राग आला आहे, आणि तो तुझ्यावर नाही म्हणून कुठे ठेवू ते कळत नाही.

धोंडबा बाहेर आला. त्याला मी कड्याचं सांगितलं, प्लॉटचं काही बोललो नाही. तोही नाही. त्यानं एकच विचारलं, "गज मयालीले लागून कापला, का काई ठेवला?"

"दोन बोटं ठेवला आहे. अर्धवट काम."

"अर्धवट?" धोंडबा हसायला लागला. "गुरुजी, ज्यानं कापला त्याच्या पाया पडा."

शालिकराम


दुर्ग, १३ जानेवारी १९८८

रत्नमाला,

दोन बोटं खुंटाला आटे पाडता येतात. नवं भोक नको, लाकडाला हात नको. खुंटाला आटे पाडायचे, त्यावर आतून आटे असलेलं सॉकेट चढवायचं, सॉकेटमध्ये नवा गज, आणि गजाच्या टोकाला जुनं कडं. तीस वर्षांच्या फिटरला हे धोंडबानं सांगावं लागलं. मी त्या खुंटावर स्मरणपत्र लिहायला बसलो होतो!

धोंडबा वर्कशॉपमधून आटे पाडायची डाय, सॉकेट आणि गज घेऊन आला. काम करतो म्हणाला. मी म्हटलं, "तू टेबल धर."

खाली उभं राहून आटे पाडणं सोपं. डोक्यावर हात करून, मान मागे टाकून, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी सोपं नाही. डायवर तेल सोडत राहावं लागतं आणि ते तेल सरळ तोंडावर ठिबकतं. तोंड उघडलं की आत. तीन दिवस मी कामाच्या वेळी एक शब्द बोललो नाही. मैनाबाई धोंडबाला म्हणाली, "नेताजीले हेच काम रोज देत जा." तिसऱ्या दिवशी ताकाची वाटी वर आली.

आटे पूर्ण झाले तेव्हा भैय्याजी वर आले. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं कडं होतं. पुसून, तेल लावून ठेवलं होतं. मी मागणीपत्राच्या तिन्ही प्रती त्यांना परत मागितल्या. त्यांनी दोन दिल्या. "एक राहू द्या. नळाचं आणि पायरीचं बरोबर लिहिलंय तुम्ही. माकडांचं माझ्या हातात नाही."

मग मी विचारलं, ती दोन बोटं त्यांनी मुद्दाम ठेवायला लावली होती का.

"भाडेकरू बदलतात, लांजेवारजी," ते म्हणाले. "कधी कधी तोच भाडेकरू बदलतो. लोखंड कापताना तेवढी जागा ठेवावी."

मी फडकं उचललं. तोंडावर अजून तेल होतं.

गज तात्पुरता चढवून वजन पाहिलं. प्लँटच्या नियमानं सव्वापट पुरतं. मी तांदळाचा अख्खा कट्टा टांगला आणि दिवसभर ठेवला. तुळईनं आवाजसुद्धा केला नाही. भैय्याजी खालून चार वेळा येऊन पाहून गेले आणि मैनाबाईनं कट्ट्याला एक झोका दिला.

आता राहिलं ते तुझ्याकडे. धोंडबानं गज जास्तीच्या लांबीचा दिला आहे, तो कापावा लागेल. माझ्या हिशेबानं कडं माझ्या डोक्याच्या वर हवं. मैनाबाई म्हणते, खाटेवर निजलेल्या बाळंतिणीचा हात पाळण्याला पुरला पाहिजे, नेत्याचं डोकं गेलं खड्ड्यात. भैय्याजी म्हणतात, त्यांच्या आईच्या वेळी पाळणा कमरेच्या जरा वर होता. तिघांची तीन मतं. मतदान घ्यायचं माझ्या तोंडावर आलं होतं. घेतलं नाही.

पाळणा तुझ्याजवळ आहे. त्याच्या दोऱ्या किती लांब आहेत ते तुलाच ठाऊक, आणि जयाची खाट कुठे लावायची तेही. खाट मी मधोमध लावली होती, ती भिंतीशी उभी करून ठेवली आहे. तू आणि जया कधी निघता, की मी तुमसरला घ्यायला येऊ, की आणखी काही दिवस तिथेच राहायचं तुझ्या मनात आहे, हे मी या पत्रात विचारतो आहे. सांगत नाही, विचारतो आहे. शेवग्याचं तू आल्यावर बोलशील तर ऐकेन. नाही बोललीस तरी चालेल.

गज कोपऱ्यात उभा आहे, हॅक्सॉ भैय्याजींकडे खाली दिला आहे. मापासाठी मी तुझ्या कार्डाची वाट पाहतो. तोपर्यंत या घरात काही कापलं जाणार नाही.

शालिकराम